वन्यप्राण्यांची संख्या: दाटी, हवामान आणि मोजणीतले चकवे

पाणवठा (धागालेखक)

रानातले प्राणी वाढले किंवा घटले की ठरलेली दोन उत्तरं येतात. "जागेला झेपतील तेवढेच राहणार" हे एक, आणि "यंदा पाऊसपाणीच तसं होतं" हे दुसरं. अभ्यासकांचीही यावरून चांगलीच जुंपली होती. ए. जे. निकोल्सन यांचं म्हणणं असं की दाटी वाढली की मृत्यू वाढतात, जन्म घटतात, आणि त्याशिवाय संख्येला लगाम बसूच शकत नाही. अँड्र्यूआर्था आणि बर्च यांनी १९५४ मध्ये उलट बाजू मांडली: सूत्रं हवामानाच्या हातात. त्यांचा हुकमी पुरावा म्हणजे अ‍ॅडलेडच्या गुलाबांवरचे फुलकिडे. त्यांच्या संख्येतला ७८ टक्के चढउतार नुसत्या हवामानावरून सांगता येत होता. १९६१ मध्ये फ्रेडरिक स्मिथ यांनी तेच आकडे पुन्हा उलगडले आणि त्यांतच दाटीचा लगाम दाखवला. वही एक, निष्कर्ष दोन.

दुसरं उदाहरण बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटाचं. १९४४ मध्ये तिथे २९ रेनडिअर सोडले. शिकारी प्राणी नाहीत, हिवाळ्याची बेगमी म्हणून लायकेनचे (दगडफुलाचे) जाड गालिचे. १९५७ मध्ये १,३५०, १९६३ च्या उन्हाळ्यात ६,०००. मग १९६३-६४ चा हिवाळा भयंकर निघाला, आणि १९६६ ला मोजणी झाली तेव्हा उरले होते ४२. त्यातला नर एकच, तोही प्रजननाला निकामी दिसणारा. हे बर्फाने मारलं की दाटीने? १९५७ ते १९६३ मध्ये प्रौढ जनावरांचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी घटलं होतं, म्हणजे बर्फ पडायच्या आधीच अंगावरची चरबी गेलेली. लायकेन खुरांखाली आणि तोंडाने संपलं होतं, आणि ते वाढतंही फार हळू.

वर्षानुवर्षांची गणना हाताशी असेल तर दाटीचा वाटा आणि हवामानाचा वाटा वेगळा कसा काढायचा, आणि कुठे कुठे फसगत होते, यासाठी हा धागा. किस्से नकोत, पद्धत लिहा.

---

आकडेमोड

संख्येचा आलेख बाजूला ठेवा, वाढदर काढा.

वाढदर = नैसर्गिक लॉग (पुढच्या वर्षीची संख्या ÷ यंदाची संख्या)

१०० चे १२० झाले तरी ०.१८ आणि १,००० चे १,२०० झाले तरी ०.१८. टक्केवारीपेक्षा लॉग बरा, कारण दुप्पट होणं (+०.६९) आणि निम्मं होणं (−०.६९) सारख्याच अंतरावर येतात. मधे प्राणी पकडून हलवले असतील किंवा शिकार झाली असेल, तर ते वजा करून उरलेल्या संख्येने भाग द्या. नाहीतर माणसाने केलेली घट हवामानाच्या माथी बसते.

आता मुख्य गोष्ट. हवामान दोन तऱ्हांनी काम करतं. खालचे आकडे समजण्यापुरते, मनाने घेतलेले आहेत.

सौम्य हिवाळ्यात वाढदर = ०.४० − (०.०००४ × संख्या). म्हणजे १,००० प्राण्यांवर वाढ शून्य.

पहिली तऱ्हा: कडक हिवाळा सगळ्यांना सारखाच झोडपतो, वाढदर सरसकट ०.२० ने खाली. ३०० प्राणी असताना ०.२८ चे ०.०८ होतात, १,४०० असताना −०.१६ चे −०.३६. फरक दोन्हीकडे तोच.

दुसरी तऱ्हा: कडक हिवाळ्यात खाणं कमी उपलब्ध असतं, म्हणून दाटीचा चिमटाच घट्ट होतो. उतार ०.०००४ चा ०.०००६. आता ३०० प्राण्यांना फारसं काही होत नाही. ३२ टक्के वाढ व्हायची ती २५ टक्के होते. पण १,४०० असताना १५ टक्के घट व्हायची ती ३६ टक्के होते. हिवाळा तोच. शून्य वाढीची संख्या मात्र १,००० वरून ६६७ वर घसरते.

टी. रोयामा यांनी यांना उभा धक्का आणि आडवा धक्का असं वेगळं केलं आहे. सेंट मॅथ्यू हे दुसऱ्या तऱ्हेचं, टोकाला गेलेलं रूप. "दाटी की हवामान" हा प्रश्न तिथे "आयताची लांबी महत्त्वाची की रुंदी" असा होऊन बसतो.

---

चरणारा

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. एक पुरवणी. 'वहनक्षमता' (जागेला झेपणारी संख्या) हा शब्द लोक जमिनीला चिकटवलेल्या पाटीसारखा वापरतात: या रानाची वहनक्षमता अमुक. वरच्या उदाहरणात ती एका हिवाळ्यात १,००० वरून ६६७ वर आली. खाणं दरवर्षी बदलणार असेल तर वहनक्षमताही दरवर्षी बदलणार. दर चौरस किलोमीटरला किती प्राणी, यापेक्षा टंचाईच्या दिवसांत माणशी (जनावरशी म्हणा) किती चारा, हे माप खरं.

पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत हेच दिसलं. गुरांना लस टोचल्यामुळे वाइल्डबीस्ट या चरणाऱ्या प्राण्यांमधली बुळकांडी (गुरांचा साथरोग) १९६० च्या दशकात हटली. १९६१ ला अडीच लाखांच्या वर असलेले वाइल्डबीस्ट १९७७ पर्यंत १३ लाखांच्या घरात गेले. त्यानंतर वाढ थांबली ती कोरड्या हंगामातल्या हिरव्या गवताच्या वाट्यामुळे. पावसाळ्यात गवत मुबलक, तेव्हा दाटी असून नसल्यासारखी. १९९३ च्या दुष्काळात संख्या १० लाखांखाली आली. म्हणून वर्षभराच्या पावसाची बेरीज घेऊन बसू नका, कोरड्या महिन्यांतला पाऊस वेगळा काढा. वार्षिक बेरजेत हा सगळा खेळ दिसेनासा होतो.

---

नवखा_निरीक्षक

म्हणजे आडव्या अक्षावर संख्या, उभ्यावर वाढदर, मधून रेषा काढायची आणि उतार उणे आला की दाटीचा लगाम सिद्ध, असं का? कुठल्याही प्राण्याचे १५-२० वर्षांचे आकडे टाकले तरी उतार उणेच येतो असं दिसतंय.

---

आकडेमोड

@नवखा_निरीक्षक, नेहमी उणे येतो यातच मेख आहे. दोन सापळे आहेत आणि दोन्ही एकाच दिशेने ओढतात.

सापळा एक: मोजणीतली चूक. समजा रानात दरवर्षी नेमके ५०० प्राणी आहेत, संख्या हलतच नाही. पण मोजणी कधी कमी, कधी जास्त येते: ४००, ६००, ४५०, ५६०. वाढदर निघाले +०.४१, −०.२९, +०.२२. बघा, आकडा कमी आला की पुढे 'वाढ', जास्त आला की पुढे 'घट'. रानात काहीच घडलं नाही, मोजणीची चूक फक्त परत मध्याकडे आली. आडव्या अक्षावर संख्येचा लॉग घेऊन लांब मालिकेवर हेच केलं तर उतार −१ च्या आसपास येतो, म्हणजे एका वर्षात पूर्ण सावरणारी, आदर्श लगाम असलेली संख्या! मोजणी जितकी ढिसाळ, तितका लगाम पक्का दिसतो.

कारण साधं आहे: यंदाची मोजणी आडव्या अक्षावरही आहे आणि वाढदराच्या छेदातही. तीच चूक दोन्हीकडे शिरते.

सापळा दोन: मोजणी अचूक असली तरी छोट्या मालिकेत उतार खाली झुकतो. कसलाही लगाम नसलेली, दारुड्याच्या चालीने भटकणारी संख्या २० वर्षं पाहिली तर लॉग-संख्येवरचा उतार सरासरीने −०.२ ते −०.२७ निघतो. म्हणून उताराचं टी-मूल्य (उतार भागिले त्याची प्रमाण चूक) तपासायला इथे नेहमीचा टी-तक्ता चालत नाही. २५ वर्षांच्या मालिकेला ५ टक्के पातळीवर नेहमीची मर्यादा −१.७१ असते, इथे अशा भटक्या मालिकांसाठीच्या डिकी-फुलर तक्त्यातली −३.०० वापरावी लागते. ५० वर्षांना −२.९३. −२.१ आलं म्हणून "लगाम आहे" असं छापलेले निष्कर्ष कमी नाहीत.

तक्ता नको असेल तर डेनिस आणि टेपर (१९९४) यांची रीत:
- तुमच्या मालिकेतल्या वाढदरांची सरासरी आणि विचरण (फैलावाचं माप) काढा.
- पहिल्या वर्षाच्या संख्येपासून तेवढ्याच लांबीच्या २,००० लगाम नसलेल्या मालिका संगणकावर तयार करा.
- प्रत्येकीवर तीच रेषा बसवून टी-मूल्य काढा.
- खऱ्या मालिकेचं टी-मूल्य सर्वांत खालच्या ५ टक्क्यांत पडलं तरच पुढे बोला.

याने दुसरा सापळा सुटतो, पहिला नाही. पहिल्याला उपाय म्हणजे खरी संख्या आणि मोजलेली संख्या वेगळी धरणारं स्टेट-स्पेस मॉडेल. पण २० वर्षांची एकेरी मालिका देऊन "यातली चूक किती आणि खरा चढउतार किती ते तूच सांग" म्हटलं तर मॉडेल अक्षरशः छापा-काटा करतं. मोजणीच्या चुकीचं माप बाहेरून, त्याच हंगामातल्या फेरमोजणीतून द्यावं लागतं.

---

रेषेवरचा

मग मोजणीबद्दलच लिहितो, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

खूरधारी प्राण्यांसाठी रेषा-गणना: ठरलेल्या सरळ रेषेवर चालत दिसलेले कळप आणि त्यांचं अंतर नोंदायचं. आधी सूत्र:

घनता = (दिसलेले कळप × सरासरी कळप) ÷ (२ × चाललेलं अंतर × परिणामकारक अर्धी रुंदी)

उदाहरण: १६० किमी चालणं, ८० कळप, सरासरी ४ जनावरं, अर्धी रुंदी ५० मीटर म्हणजे ०.०५ किमी. ३२० ÷ १६ = दर चौ. किमीला २०.

परिणामकारक रुंदी म्हणजे नजरेचा पल्ला नव्हे; ज्या अंतरापलीकडे दिसलेले कळप त्याच्या आत निसटलेल्यांइतकेच भरतात, ते अंतर. रेषेपासून दूर गेलं की प्राणी निसटतात. तो निसटण्याचा वेग अंतरांच्या नोंदींवरून काढतात. त्यासाठी किमान ६० ते ८० कळपांच्या नोंदी लागतात. २५ नोंदींवर वक्र बसवला तर तो बसतो, पण त्याला अर्थ नसतो.

रेषेवर करायचं ते असं. कळप दिसला की थांबा. लेझर रेंजफाइंडरने अंतर घ्या, होकायंत्राने कळपाची दिशा आणि रेषेची दिशा दोन्ही लिहा. लंबांतर (रेषेपासूनचं काटकोनातलं अंतर) नंतर काढा: अंतर × दोन दिशांमधल्या कोनाची ज्या (साइन). ६० मीटरवर ३० अंशात कळप असेल तर लंबांतर ३० मीटर. माप कळपाच्या मध्याचं आणि तो पहिल्यांदा दिसला त्या जागेचं. पळून थांबला तिथलं नव्हे.

काय बिघडतं, तेही लिहून ठेवतो:

अंदाजे अंतर. नजरेने सांगितलेली अंतरं १०, २०, ५०, १०० वर गोळा होतात. आलेखात उंच मनोरे आणि मधे दऱ्या दिसल्या की समजावं, यंत्र पिशवीतच राहिलंय.

शून्यावरचा ढीग. रेषेच्या अगदी जवळच्या नोंदी अचानक जास्त असतील तर बहुधा कोन शून्याकडे ओढून लिहिलाय. "समोरच होता की" म्हणून ५ अंशाचा शून्य होतो. ८० मीटरवर ५ अंश म्हणजे ७ मीटर, आणि वक्राचा सगळा जीव त्या पहिल्या काही मीटरांवर असतो.

शून्याजवळ खड्डा. प्राणी माणसाची चाहूल लागून आधीच बाजूला झालेत. घनता कमी निघते. दोघांनीच, न बोलता चालणं, आणि रेषा आदल्या दिवशीच साफ न करणं. ताज्या छाटणीचा वास आणि आवाज दोन्ही प्राण्यांना हलवतात.

रस्त्यालाच रेषा म्हणणं. रस्त्याकडेला गवत वेगळं, मीठचाट वेगळी, वाहनांची सवय वेगळी. रेषा नकाशावर यादृच्छिक आरंभबिंदूपासून समान अंतरावर टाका, मग ती काट्यातून गेली तर काट्यातून जा.

विश्लेषणात दूरच्या ५ ते १० टक्के नोंदी कापून टाका. शंभर मीटरवरचा एखादा एकांडा कळप वक्राची शेपटी उगाच लांबवतो.

आता चूक किती? भेटीच्या दरातली (दर किमीला दिसणारे कळप) १५ टक्के, रुंदीतली ८, कळपाच्या आकारातली १० धरली तर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ साधारण २० टक्के. हे चांगल्या मोजणीचं लक्षण आहे. तरी दोन वर्षांची तुलना करायला गेलात तर गुणोत्तराच्या लॉगची चूक ०.२८ होते. म्हणजे ४२ टक्के घट किंवा ७३ टक्के वाढ झाल्याशिवाय, ९५ टक्के खात्रीने, "बदल झाला" म्हणता येत नाही. "गेल्या वर्षीपेक्षा ८ टक्क्यांनी वाढ" ही बातमी वाचताना हे आठवावं.

---

चरणारा

@रेषेवरचा, उत्तम. यात एक विषारी भर: पाऊस फक्त प्राण्यांवर परिणाम करत नाही, मोजणाऱ्याच्या नजरेवरही करतो. ओल्या वर्षी गवत कमरेएवढं, कळप दिसत नाहीत. सर्व वर्षांना एकच परिणामकारक रुंदी लावली तर "जास्त पाऊस, कमी प्राणी" असा ठसठशीत संबंध निघतो आणि तो पूर्ण खोटा असतो.

पाणवठ्यावरच्या मोजणीत बरोबर उलटं. कोरड्या वर्षी इतर डबकी आटतात, सगळे प्राणी मोजक्या पाणवठ्यांवर गोळा होतात, आकडा फुगतो. दुष्काळात प्राणी वाढले! ओल्या वर्षी ते रानभर पांगतात, आकडा पडतो. पाणवठ्याची मोजणी प्रजातींची यादी करायला ठीक. वाढदर काढायला ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

---

पाणवठा

नाव बदलावं लागणार माझं.

---

खुरखूण

एकूण संख्येवर सगळे अडकलेत. संख्येच्या आत कोण आहे ते बघायला हवं.

स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटसमूहातल्या हर्टा बेटावरच्या सोए मेंढ्या हा यावरचा सर्वांत स्वच्छ अभ्यास. १९३२ मध्ये १०७ मेंढ्या तिथे आणून सोडल्या. १९८५ पासून एकेका मेंढीला खुणेचा बिल्ला लावून नोंदी आहेत. शिकारी प्राणी नाही, शेजारून येणं-जाणं नाही. तरीही संख्या शांत बसत नाही: वाढते, आणि एखाद्या हिवाळ्यात अर्ध्याहून जास्त मरतात. गंमत अशी की दोन वर्षी संख्या सारखी, हवामान सारखं, तरी एकदा कोसळते आणि एकदा नाही. टिम कूल्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये कारण दाखवलं: कोकरं आणि म्हाताऱ्या मेंढ्या हवामानाला पटकन बळी पडतात, ऐन वयातल्या माद्या तग धरतात. त्यामुळे १,२०० मध्ये कोकरं किती आणि ऐन माद्या किती, यावर पुढचं ठरतं. नुसता '१,२००' हा आकडा अपुरा आहे.

दाटीचा चिमटा कोणाला आधी बसतो याचा क्रम मोठ्या तृणभक्ष्यांत बराचसा ठरलेला आहे. एबरहार्ट यांनी १९७७ मध्ये मांडलेला: आधी पिल्लांचं जगणं घटतं, मग माद्यांचं पहिल्या विण्याचं वय लांबतं, मग प्रौढ माद्यांचं विण्याचं प्रमाण घटतं, आणि सर्वांत शेवटी प्रौढ माद्यांचा मृत्युदर वाढतो. स्कॉटलंडच्याच रम बेटावर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर भागातली शिकार थांबवल्यावर तांबड्या हरणांच्या माद्या वाढत गेल्या, तेव्हा पाडसांचे हिवाळी मृत्यू वाढले आणि माद्या उशिरा विऊ लागल्या.

व्यवहारात याचा फायदा असा की एकूण आकडा अजून चढता असतानाच दाटी जाणवायला लागलीय हे पिल्लांवरून कळतं. रोज उठून वाढदर काढण्यापेक्षा दर हंगामात दोनदा पिल्लं-मादी प्रमाण घ्या: एकदा विण्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी, एकदा टंचाईचा हंगाम सरल्यावर. पहिला आकडा विण्याबद्दल बोलतो, दोन्हीतला फरक पिल्लांच्या जगण्याबद्दल.

फसवणूक: प्रमाणाला दोन टोकं असतात. १०० माद्यांमागे ४० पिल्लं आहेत. काही कारणाने २० माद्या मेल्या, पिल्लं तेवढीच. आता ८० ला ४०, म्हणजे शंभरी ५०. कागदावर प्रजनन सुधारलं, प्रत्यक्षात माद्या गेल्या. म्हणून प्रमाणासोबत माद्यांची घनता हवीच.

---

नवखा_निरीक्षक

आणि शिकारी प्राणी? ते दाटीत मोजायचे की पर्यावरणात?

---

खुरखूण

कॅनडातल्या युकॉनमधल्या क्लुएन इथे १९८६ ते १९९४ स्नोशू सशांवर झालेला प्रयोग बघा. चौरस किलोमीटरच्या तुकड्यांवर. नुसतं खाणं जास्त दिलं तर घनता सुमारे तिप्पट, नुसते जमिनीवरचे शिकारी कुंपणाने रोखले तर सुमारे दुप्पट. दोन्ही एकत्र केलं तर? तीन दुणे सहा नव्हे, सुमारे ११ पट. पोटभर खाणं असलं की ससा धोक्याच्या जागी चरायला जात नाही. शिकाऱ्याची भीती नसली की सगळीकडचं खाणं वापरता येतं. दोन कारणं एकमेकांना गुणतात आणि वर थोडं जास्तच देतात. तरीही ससे पुढे घसरलेच, चक्र मोडलं नाही.

म्हणून शिकाऱ्याला रकान्यात बसवायची घाई नको. त्याची संख्या भक्ष्याच्या दाटीमागे चालते, पण उशिराने. आणि उशिराने लागणारा लगाम संख्येला स्थिर न करता झुलवतो.

---

गवताळ

सगळे काळाबद्दल बोलताय, जागेबद्दल कोणी बोललंच नाही. दोन रानांत घनता वेगळी का?

कोरड्या आफ्रिकी सवानात मोठ्या तृणभक्ष्यांचं एकूण वजन पावसाबरोबर वाढतं, हे को, कमिंग आणि फिलिपसन यांनी १९७६ मध्ये दाखवलं. पण साधारण ७०० मिमीपर्यंतच. त्यापुढे पाऊस वाढला की गवत उंच आणि चरबट होतं, प्रथिनं कमी, काडी जास्त. त्यातही माती आडवी येते: ज्वालामुखीच्या सकस मातीवर जेवढे प्राणी, तेवढे तेवढ्याच पावसात निचरा होऊन सत्त्व गेलेल्या मातीवर नाहीत. हिरवंगार रान बघून "प्राणी भरपूर असणार" म्हणणारे इथेच चुकतात. हिरवं म्हणजे खाण्याजोगं नव्हे.

शरीराचा आकारही हिशोबात धरा. घनता वजनाच्या −०.७५ घाताने उतरते (डॅमथ, १९८१). दहापट वजनाचा प्राणी साधारण साडेपाच पट विरळ. दोन प्रजातींची घनता तुलनेला घेताना हे न बघता "हा दुर्मीळ, तो मुबलक" म्हणण्यात अर्थ नाही. मांसभक्षकांना आणखी एक साधा नियम: १०,००० किलो भक्ष्यामागे साधारण ९० किलो मांसभक्षक (कार्बोन आणि गिटलमन, २००२). वाघाचा हिशोब उल्हास कारंथ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडला तो याच वळणाचा: वर्षाला सुमारे ५० खूरधारी, आणि भक्ष्यातला दहावा हिस्सा उचलला जातो असं धरलं तर वाघामागे ५०० जनावरं. मांसभक्षक घटले की आधी भक्ष्याची घनता मोजा, बाकीचं नंतर.

---

नवखा_निरीक्षक

शेवटचा प्रश्न. दाटीचं ठीक आहे, हवामानाचा कुठला आकडा घालायचा? बारा महिन्यांचा पाऊस, तापमान, तेही यंदाचं, गेल्या वर्षीचं, त्याआधीचं...

---

आकडेमोड

सगळे घालून बघू नका. बारा महिने आणि तीन मागची वर्षं म्हणजे ३६ उमेदवार. ५ टक्के पातळीवर त्यातले जवळपास दोन निव्वळ योगायोगाने 'लागू' निघणार, आणि मग त्यांची जीवशास्त्रीय कथा जुळवायला माणूस हुशार असतोच.

आकडे उघडायच्या आधी कागदावर एक किंवा दोन कारणं लिहा: "कोरड्या चार महिन्यांतला पाऊस, कारण तेव्हा पिल्लं दूध सोडतात." मागची वर्षं गर्भकाळावरून ठरवा. मादी गाभण राहते तेव्हाच्या तिच्या अंगावरच्या मांसावर पुढच्या वर्षीची पिल्लं ठरतात, म्हणून एक वर्षाची दिरंगाई समजण्यासारखी आहे. पाच वर्षांची नाही, अपवाद फक्त दाटीच्या वर्षी जन्मलेली खुरटी पिढी मोठी होऊन कमी विते तेव्हाचा.

मग चार मॉडेलं: काहीच नाही, फक्त दाटी, दाटी अधिक हवामान, दाटी, हवामान आणि दोघांचा गुणाकार. गुणाकाराच्या आधी दोन्हींतून आपापली सरासरी वजा करा, नाहीतर सहगुणकांचा अर्थ लागत नाही. काळाबरोबर संख्याही चढती आणि तापमानही चढतं असेल तर दोन्हींतला कल आधी काढा. २० वर्षांच्या मालिकेला गुणाकाराचं मॉडेल म्हणजे शेवटची हद्द.

तपासायला शेवटची पाच वर्षं झाकून ठेवा. मॉडेलचा अंदाज "यंदाइतकेच पुढच्या वर्षी" या आळशी अंदाजाला हरवतो का ते बघा. नाही हरवलं तर मॉडेलचं कौतुक करू नका.

शेजारच्या रानाचे आकडे मिळाले तर सोनं. पी. ए. पी. मोरान यांनी १९५३ मध्ये दाखवलं की दोन वेगळ्या संख्यांचा लगाम सारख्या घडणीचा असेल तर त्यांच्यातला मेळ हवामानातल्या मेळाइतका असतो. मेंढ्यांसारखा वाकडातिकडा, सरळ रेषेत न बसणारा लगाम असेल तर मात्र तेवढाच मेळ दिसायला हवामान फारच घट्ट जुळावं लागतं. हर्टा आणि जवळच्या बोरेरे बेटावर तेच निघालं.

---

कमी_बोल

सगळं जास्त दाटीबद्दल चाललंय. फार कमी दाटीलाही वाढदर पडतो: जोडीदार सापडत नाही, राखण करायला कळपात डोळे पुरत नाहीत. अ‍ॅली परिणाम. तिथे सरळ रेषा बसवली तर लहान संख्येसाठी ती धोकादायक रीतीने आशावादी असते. लहान संख्येकडचे बिंदू रेषेखाली सलग पडलेत का ते बघा.

---

मुंगूस_मामा

८ वर्षांचेच आकडे असतील तर?

---

खुरखूण

तर उताराच्या नादी लागू नका, जनावराच्या अंगाकडे बघा. पिल्लं-मादी प्रमाण, वर्षाच्या पिल्लाच्या मागच्या पायाची लांबी, जबड्याची लांबी. दाटीत वाढलेली पिढी आखूड निघते आणि ते हाडात कायमचं राहतं.

टंचाईच्या हंगामात मेलेलं जनावर मिळालं (रीतसर परवानगी असेल तर, एरवी हात लावू नये) तर मांडीचं हाड मधोमध फोडा. मगज पांढरा, घट्ट, मेणासारखा असेल तर जनावर उपाशी नव्हतं, कारण वेगळं शोधा. लालसर, पारदर्शक, जेलीसारखा थलथलीत असेल तर शेवटची चरबीही संपली होती. मगजातली चरबी सगळ्यांत शेवटी जाते. रंगावर विसंबायचं नसेल तर मगजाचा तुकडा ताजा असताना वजन करा, ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. उरलेला भाग बहुतेक चरबीच. तो ताज्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आला तर उपासमार.

तुकडा त्याच दिवशी हवाबंद पिशवीत घाला. उन्हात दोन दिवस पडलेल्या हाडातलं पाणी उडून जातं आणि उपाशी मेलेलं जनावरही धष्टपुष्ट निघतं.